न्यूट्रल नानांचे इंजिन

उतार दिसला की नाना गाडीचे इंजिन बंद करायचे. गिअर न्यूट्रलला, किल्ली उलटी, आणि गाडी नुसत्या वजनावर घरंगळत निघायची. शेजारी बसलेल्याला आधी वाटे, गाडी बंद पडली. मग वाऱ्याचा आवाज ऐकू येई, मागचे दुधाचे कॅन एकमेकांवर आपटताना ऐकू येत, आणि नाना समाधानाने म्हणत, "आता फुकट चाललोय." ब्रेक जड व्हायचे, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. त्यांनी प्रत्येक वेळी ऐकून घेतले आणि पुढच्या उतारावर किल्ली उलटी फिरवली.

पण गावात त्यांना न्यूट्रल नाना म्हणत ते एवढ्यावरून नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या लहान गावात एक दूध सोसायटी होती. नाना तिचे सचिव. सोसायटीत दोन पॅनल होते आणि गावातले प्रत्येक घर कुठल्यातरी एका पॅनलचे होते. नाना कुठल्याच पॅनलचे नव्हते. लग्नात जेवायलासुद्धा ते दोन्हीकडच्या पंगती टाळून शेवटी आचाऱ्यांबरोबर बसत.

त्यामागे कारण होते. सोसायटीत दुधाला भाव मिळतो तो फॅटवर. फॅट काढायचे काम माझे आणि ते लिहिलेले तपासायचे काम नानांचे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, "बापू, मशीन काय म्हणतंय ते लिवा. माणूस काय म्हणतोय ते मी ऐकतो." एका पॅनलचे प्रमुख आबासाहेब. एकदा त्यांच्या घरच्या दुधाला फॅट कमी लागले. दूध घेऊन आलेला गडी अडून बसला.

"नाना, कुणाचं दूध हाय ते तरी बघा."

"म्हशीचं हाय. अजून कुणाचं असतं बे?" नाना म्हणाले.

दुष्काळ पडला आणि दूध आटले. दूध गोळा करणाऱ्या टेंपोवाल्याने माळावरच्या वस्तीकडे जायचे बंद केले, कारण तेवढ्या दुधात त्याचे डिझेल निघत नव्हते. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. पण वस्तीवरची निम्मी माणसे ऊसतोडीला गेलेली, आणि जी जनावरांसाठी मागे राहिली त्यांचे घर त्या चार-दोन लिटरवरच चालत होते. नानांनी आपल्या जुन्या छोट्या गाडीचे मागचे सीट काढले. जाताना सोसायटीची पेंड वर न्यायची, येताना दूध खाली आणायचे. चढाला गाडी ओरडायची आणि येताना, अर्थातच, फुकट.

पेंडीच्या ओझ्याने असेल किंवा वयाने असेल, गाडी धूर सोडायला लागली. मग चढावर मधेच थांबायला लागली. आम्ही ती गेवराईला हायवेच्या कडेला सलीम मिस्त्रीकडे नेली. त्याने ऑइलचे झाकण उघडले, तिथून निघणारी वाफ बघितली आणि झाकण परत लावले.

"हिचा दम गेला नाना. बोअर करावं लागंल, पिस्टन बदलावं लागंल. काम बाहेरगावी लेथवर जाईल, पंधरा दिवस तरी धरा. आन तरीबी पयल्यावानी वढंल असं मी म्हणणार न्हाई. न्हाईतर दुसरं इंजिन आणा. याच गाडीचं मिळालं तर एका दिवसात बसवून देतो."

दुसरे इंजिन दोन दिवसांत आपण होऊन आले. आबासाहेबांच्या मुलाकडे याच मॉडेलची गाडी होती, जवळजवळ नवी. मागून ट्रकने ठोकल्यामुळे ती भंगारात जाणार होती. पुढची बाजू शाबूत होती. आबासाहेब स्वतः सोसायटीत आले आणि म्हणाले, "नाना, इंजिन काढून न्या. सोसायटीच्याच कामाची गाडी हाय. पैशाचं बोलू नका."

आबासाहेब वाईट माणूस नव्हते. ते मनापासून बोलत होते, हे मी समोर बसून पाहिले आहे. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती, हेही खरे होते.

मी कागद घेऊन दोन्ही बाजू मांडल्या. खर्च, वेळ, ताकद, पुढे गाडी किती वर्षे चालेल, कुठूनही बघितले तरी इंजिन बदलणेच बरोबर येत होते. नानांनी कागद नीट वाचला.

"हिशोब बरोबर हाय बापू. इंजिनाचा हाय."

"म्हणजे?"

"उद्या आबासायबाच्या दुधाला चांगलं फॅट लागलं, आन ते खरंच लागलं, तर लोक काय म्हनतील?"

"लोक काहीही म्हणतील. पंधरा दिवस वस्तीचं दूध कोण आणणार?"

नानांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "चला, त्यांनाच इचारू," ते म्हणाले, आणि आम्ही पायी माळ चढलो.

वस्तीवर भागाबाई नावाची म्हातारी होती. तिचे दूध सगळ्यांत कमी आणि बोलणे सगळ्यांत जास्त. नानांनी काही न लपवता दोन्ही गोष्टी सांगितल्या. भागाबाईने म्हशीच्या पुढ्यातला कडबा सारखा केला आणि विचारले, "आबाचं इंजिन बसलं तर आमच्या दुधाचं फॅट कमी करशील का?"

"न्हाई."

"आन आबाचं वाढवशील?"

"न्हाई."

"मंग बसव की. कावून आडलंय?"

"लोक म्हनतील ना, भागाबाई."

"लोक कशाला? मीच म्हनीन."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. तीही हसली नाही. ती म्हणाली, "नाना, न्यूट्रलमधी गाडी चढत न्हाई. उतरती फकस्त. तू काय वर येऊ नको आता. आमीच उतरतो. तू ते फॅट संबाळ."

नानांनी आबासाहेबांना नको म्हणून कळवले आणि जुनेच इंजिन दुरुस्तीला दिले. दुसऱ्या दिवसापासून वस्तीचे दूध डोक्यावरून खाली यायला लागले. भागाबाई पुढे आणि मागे तिघी-चौघी. सोसायटीत पोचल्या की ती मशीनला नाक लागेल इतक्या जवळ उभी राहायची. तिला आकडे वाचता येत नव्हते. "वाच," म्हणायची. मी वाचायचो. मग नानांकडे बघायची, आणि नानांनी मान हलवली की पदराने तोंड पुसून निघायची. पंधरा दिवसांचे वीस-बावीस झाले. उन्हात एकदोनदा दूध नासले. पेंड वर पोचेना म्हणून दोन घरांनी तेवढ्यात म्हशी विकल्या. इंजिन बदलले असते तर त्या म्हशी राहिल्या असत्या. नानांना हे माहीत होते. पुढे गाडी आल्यावर त्या घरांपुढून जाताना ते दरवेळी थांबून उतरायचे, बोलायला काही नसले तरी.

गाडी दुरुस्त होऊन आली, पण मिस्त्री बोलला होता तसेच झाले. माळाच्या शेवटच्या चढाला ती पहिल्या गिअरमध्येही कुंथायची. मग नाना मला म्हणत, "तुमी उतरा बापू. पेंड राहू द्या."

निवडणुकीत आबासाहेबांचे पॅनल आले आणि नानांचे सचिवपद गेले. विरोधी पॅनल आले असते तरी बहुधा गेले असते, कारण त्यांनाही आपला माणूस हवा होता. नानांनी सोसायटीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. नव्या सचिवाला ते एवढेच म्हणाले, "ती म्हातारी आली की आकडा मोठ्यानं वाचत जा."

काही वर्षांनी नाना लातूरला मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा गाडी विकायला काढली. गेवराईकडचा एक तरुण बघायला आला. मी तिथे होतो. त्याने बॉनेट उघडले, वाकून इंजिनावरचा नंबर बुकाशी ताडून बघितला आणि गाडी घेणारा जे विचारतो तेच विचारले.

"इंजिन ओरिजिनलच हाय ना, काका?"

"ओरिजिनल हाय," नाना म्हणाले. "दम कमी हाय. ते आधीच सांगतो."

सौदा झाला. नानांनी त्याला क्लच दाखवला, चोक दाखवला आणि गावाबाहेरच्या उताराला इंजिन बंद करायला सांगितले. पोरगा 'हो हो' म्हणाला आणि निघाला. आम्ही दोघे रस्त्यात उभे राहिलो. गाडी वळणाआड गेली. आता उतार लागणार होता. नाना कान देऊन ऐकत होते. इंजिनाचा आवाज लहान होत गेला, पण थांबला नाही.

"उगं पेट्रोल जाळतंय बेनं," नाना म्हणाले, आणि आवाज अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.