एकेकबाई

आमची धाकटी, म्हणजे माझी बहीण, महापालिकेच्या कोर्टात जज आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, किल्ली त्याच्या हातात पडायच्या आत. तो म्हणतो, "बाई, मला फक्त कपाटाची डुप्लिकेट हवी होती." मी म्हणते, किल्ली घासून होईपर्यंत दुसरं काय करणार आहात, ऐका.

माझं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट आहे, तिला शटर लावलंय. माझ्याआधी बाबा हाच धंदा फूटपाथवर करायचे. वळणावर एक टेबल, टेबलाला पकड, वर छत्री आणि मागे तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. परवाना होता, पण तो फूटपाथवर आखलेल्या चौकटीपुरता. टेबल चौकटीबाहेर आलं की गुन्हा. चौकटीचा रंग कधीच पुसून गेला होता, त्यामुळे टेबल आत आहे की बाहेर हे महापालिकेचा इन्स्पेक्टर ठरवायचा आणि ते त्याच्या मूडवर असायचं. मग कोर्टाची तारीख. शाळेला सुट्टी असली की बाबा आम्हा दोघींनाही घेऊन जायचे, कारण घरी ठेवलं तर मी शेजाऱ्यांशी भांडायचे.

त्या कोर्टात एक रीत होती. फूटपाथ अडवला, कचरा टाकला, कुत्रा मोकळा सोडला, असल्या बारक्या खटल्यांची माणसं एकत्र रांगेत उभी करायची. कारकून सगळ्यांचे आरोप एका दमात वाचायचा, त्यातलं त्याचं त्याला तरी कळत होतं की नाही देव जाणे. मग जजसाहेब मान वर न करता विचारायचे, "कबूल?" आणि अख्खी रांग म्हणायची, "कबूल." दंड भरला की घरी. नाकबूल म्हणायची सोय होती, नाही असं नाही. पण नाकबूल म्हटलं की पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. पोटावर पाय देऊन कोण येतो? बाबा म्हणायचे, "शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, आणि चढलाच तर कबूल म्हणून उतरावं."

एकदा बाबा तापाने फणफणून घरात पडले होते आणि टेबल दारामागे उभं होतं. नेमका त्याच दिवसाचा गुन्हा त्यांच्या नावावर लागला आणि कोर्टाची तारीख आली. रांगेत धाकटीने बाबांचा शर्ट ओढला आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तर तुम्ही घरी होता." बाबांनी तिला डोळे वटारून गप्प केलं आणि सगळ्यांबरोबर कबूल म्हणाले. ते कबूल महागात पडलं. पुन्हा पुन्हा दोषी ठरलेल्याचा परवाना रद्द होतो, असा नियम निघाला. वळणावरची जागा गेली. बाबा दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले आणि मुलाच्या वयाच्या मालकाचं अरेतुरे ऐकू लागले.

त्या कबूलच्या दिवशी कोर्टातून घरी येताना धाकटी मला म्हणाली, "ताई, त्यांनी बाबांना विचारलंच नाही."

"विचारलं की. तू तिथेच होतीस ना?"

"रांगेला विचारलं," ती म्हणाली. "बाबांना नाही."

एवढीशी पोर. मला तेव्हा काही कळलं नाही, मी तिला म्हटलं, चल लवकर, भूक लागलीय.

पुढे तिने कायद्याचा अभ्यास केला. सहज केला असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी ती चक्क नापास झाली आणि बाबांना सांगायला मला पुढे केलं. पास झाल्यावर एका वकिलाकडे लागली. त्याने तिला कायदा कमी आणि झेरॉक्स काढायला जास्त शिकवलं. मग ती त्याच महापालिकेच्या कोर्टात स्वतःच्या केसेस घेऊन उभी राहिली. कोट जुन्या बाजारातला, बाह्या मी आखूड करून दिलेल्या. लोक म्हणायचे, किल्लीवाल्याची मुलगी, हिच्याकडे कोण केस देणार? पण ज्यांना दुसरं कोणी उभं करत नव्हतं ते तिच्याकडे यायचे. फी मिळायची किंवा नाही मिळायची, पण शब्दाला जागणारी म्हणून तिचं नाव झालं. मग जजची परीक्षा, मग मुलाखत, आणि एक दिवस बाईसाहेब त्याच खुर्चीत.

त्या खुर्चीत तिच्याआधी बसलेले मी पाहिलेत. एक पूर्वी शाळामास्तर होते, त्यांनी आरोपीला कान धरायला लावायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्यांचं घराणंच वकिलांचं, त्यांना कचऱ्याच्या केसेसची लाज वाटायची. सगळे भले होते, पण रांगेची रीत कोणीच मोडली नाही. धाकटीने पहिल्याच आठवड्यात मोडली. रांग उभी करू दिली, पण विचारताना एकेकाला पुढे बोलावून. तुमच्यावर आरोप काय, तो तुम्हाला कळला का, आणि तुमचं म्हणणं काय.

झालं, घोडं तिथेच पेंड खायला लागलं. पूर्वी चहाच्या आधी संपणारी रांग दुपार झाली तरी संपेना. मोठ्या केसेसचे वकील बाहेर बाकांवर जांभया देत बसले. कारकून घरी उशिरा जायला लागला, म्हणजे त्याच्या बायकोचाही राग धाकटीवर. कोणीतरी तिचं नाव पाडलं, एकेकबाई. तिच्या पाठीमागे म्हणायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, तेव्हा मी त्यांना जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण ती अजून कायम झाली नव्हती. नव्या जजला आधी ठरावीक काळ पारखून बघतात आणि मग कायम करतात, नाहीतर नारळ. वकिलांनी मोठ्या साहेबांकडे तक्रार केली. मोठे साहेब म्हणजे सगळ्या महापालिका कोर्टांचे वरिष्ठ. त्यांचे वडील जज, सासरे जज, आणि स्वतः उमेदीच्या काळात याच खुर्चीत बसलेले. बाबांना कबूल विचारणारे ते नव्हते, उगाच सिनेमा करू नका. पण रांग भराभर संपवण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला, कोर्ट बघायला येतो, त्यानंतर तुमच्या कायम होण्याचं ठरवू.

आदल्या दिवशी मी तिला समजावलं. "एक दिवस कर ना त्यांच्या मनासारखं. कायम झालीस की मग तुझंच राज्य. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

ती कोटाचं बटण शिवत होती. म्हणाली, "ताई, आज जमत नसेल तर उद्या तरी कसं जमेल?"

"आणि काढून टाकलं तर?"

"तर तुझ्या दुकानात बसेन."

"माझ्या दुकानात दोघींना जागा नाही," मी म्हटलं, आणि ते खरंही होतं. पण बाबा गेले त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि जाईपर्यंत ते भेटेल त्याला सांगायचे की माझी मुलगी जज आहे. ते खोटं ठरू नये एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शटर खाली ओढलं आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. मोठे साहेब आले. उंच, गोरेपान, बोलायला मऊ. धाकटीला म्हणाले, "आज मी बसतो खुर्चीवर. तुम्ही शेजारी बसा आणि बघा. या कामाची एक लय असते." रागाने नाही बोलले. लहान मुलाला सायकल शिकवावी तसं बोलले, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

शिपाई रांग लावायला गेला. भल्यामोठ्या मिशांचा हा शिपाई मोठ्या साहेबांना पाहून पार गडबडला होता. बाहेर त्याचा आवाज ऐकू येत होता, चला, उभे राहा, सरळ. मग रांग आत आली. कारकुनाने आज तर आगगाडीच सोडली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "कबूल?" रांग म्हणाली, "कबूल." साहेबांनी दंड सांगितला आणि धाकटीकडे वळले. "पाहिलंत? कोणाचा वेळ गेला नाही, कोणाचं नुकसान नाही."

वकिलांनी माना डोलावल्या. धाकटी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, परवानगी असेल तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते."

मी मनात म्हटलं, गेली नोकरी. साहेब मात्र हसले आणि म्हणाले, "विचारा की."

तिने पहिल्याला पुढे बोलावलं. "तुम्ही कशाचं कबूल म्हणालात?" तो म्हणाला, कुत्रा मोकळा सोडला होता, बाई, चुकलंच. दुसरी फळं विकणारी. म्हणाली, टोपल्या बाहेर होत्या, खोटं कशाला बोलू? तिसऱ्याने कचरा टाकला होता. टाकला होता म्हणजे टाकला होता. चौथ्याचंही तेच. एक वकील दुसऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि दोघे हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी खाली मान घालून बसले. खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं की धाकटी हरली.

मग राखाडी शर्टातला एक माणूस पुढे आला. शर्टाच्या खिशात पाना होता.

"तुम्ही कशाचं कबूल म्हणालात?"

तो जरा घुटमळला. "ते मला नक्की नाही माहीत, बाईसाहेब."

"तुमच्यावर आरोप काय आहे?"

"आरोप नाही. मी बाहेरचा पाण्याचा कूलर दुरुस्त करायला आलोय. पाणी गार होत नाही असा फोन होता."

धाकटीने आवाज जराही चढवला नाही. "मग कबूल का म्हणालात?"

"यांनी दंडाला धरून उभं केलं," त्याने शिपायाकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, कूलरविषयीच काहीतरी विचारणार असतील. मग साहेबांनी विचारलं आणि सगळे कबूल म्हणाले. मी एकटाच गप्प राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं."

मोठ्या साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई सलाम ठोकत पुढे आला. "साहेब, मोजली तर रांगेत एक डोकं कमी पडत होतं. हा समोरच उभा होता. मला वाटलं, हाच तो."

तेवढ्यात दार ढकलून एक तरणाबांड माणूस आत आला, तोंड पुसत. "चहा प्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "भिंतीवर जाहिराती चिकटवल्याची केस माझी. माझा नंबर झाला का?"

"झाला," कारकून नकळत बोलून गेला. "दंडसुद्धा झाला."

माझ्या पुढच्या बाकावरचे एक म्हातारे वकील म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी." हळूच म्हणाले, पण ते सगळ्यांनी ऐकलं, साहेबांनीसुद्धा.

आता हे साहेब भडकणार आणि शिपायाला घरी पाठवणार असं मला वाटलं. पण त्यांनी चष्मा काढून त्या कूलरवाल्याकडे पाहिलं. मग धाकटीला म्हणाले, "मी या खुर्चीत किती वर्षं काढली, बाई. असे किती जण मी घरी पाठवले असतील, दोषी ठरवून?"

साहेब उठले. खुर्चीवरून खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा आत्ताचा निकाल रद्द. या गृहस्थांची मी माफी मागतो. बाई, तुमच्या जागेवर बसा आणि पहिल्यापासून विचारा. तुमचं कायम करण्याचं पत्र आजच निघेल. आणि उद्यापासून आपल्या प्रत्येक कोर्टात एकेकालाच विचारायचं. ज्यांना वेळ नाही त्या वकिलांनी दुपारी यावं."

आणि ते चक्क समोरच्या बाकावर, जांभया देणाऱ्या वकिलांच्या मधोमध, जाऊन बसले.

धाकटी खुर्चीत बसली. माझ्याने राहवेना. मी उभी राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात काही थांबत नव्हते. शिपाई माझ्याकडे धावला. धाकटीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, पण बहिणीकडे बघावं तसं नाही.

"मागच्या बाकावरच्या बाई," ती म्हणाली, "इथे टाळ्या वाजवत नाहीत. खाली बसा."

जन्मात मला कोणी गप्प करू शकलेलं नाही. बाबांना जमलं नाही आणि नवऱ्याने तर नादच सोडलाय. मी खाली बसले आणि मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

एकेक करत रांग संपत आली आणि टोकाला एक म्हातारा राहिला. मघाशी तोही कबूल म्हणाला होता. धाकटीने त्याला पुढे बोलावलं आणि त्याचं म्हणणं विचारलं. तो आधी शिपायाकडे बघत राहिला, मग कारकुनाकडे. दोघांनीही त्याला घाई केली नाही.

"सगळं सांगू का, बाईसाहेब?" तो म्हणाला. "जरा लांबण लागेल."

"लागू द्या," धाकटी म्हणाली, आणि शिपायाला सांगून तिने त्याच्यासाठी खुर्ची मागवली.