फळीखालचे पंच

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट्सन सणाच्या सोमवारी हेझेलवूड बागेत क्लॉग नाचाची स्पर्धा भरायची. क्लॉग म्हणजे आमचे गिरणीतले लाकडी तळाचे जोडे. या स्पर्धेचे पंच मंचासमोर बसत नसत, मंचाखाली बसत. वर कोण नाचतोय, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, काही दिसायला नको. नुसता ताल ऐकायचा आणि चुकलेला ठोका पाटीवर मांडायचा. माझे वडील, जेबेझ ऑर्मरॉड, एकोणीस वर्षं त्या धुळीत एका पालथ्या पेटीवर बसले. एरवी ते चार माग सांभाळणारे साधे विणकर. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्या पेटीमुळे.

आमच्या गिरणीत मागांचा खडखडाट असा, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून आम्ही सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतो, घरी, बाजारात आणि चर्चमध्येसुद्धा. पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असताना मागच्या बाकांवर त्यांच्याबद्दल जे बोललं जातं, ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी गाव सोडलं असतं. अशा गावात माणूस ठार बहिरा झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नाही, आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी बाबा दाराकडे तोंड करून जोड्याला खिळे ठोकत होते. मी मागून म्हणाले, बटाटे करपले. उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. मग मी पातेल्याचं झाकण मुद्दाम फरशीवर आपटलं. मांजर धूम पळालं, पण बाबांची मान हलली नाही. मला आधी राग आला आणि मग रडू आलं.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. “कधीपासून?”

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. “झाली दोन-तीन वर्षं.”

“आणि तरी पंच म्हणून बसता? पोरं वर्षभर घाम गाळतात, बाबा.”

फळीला तळवा लावला की एकेक ठोका हातात येतो, असं त्यांनी सांगितलं. मला पटेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून हात टेबलावर ठेवला आणि मला बोटांनी ताल धरायला लावला. मी मुद्दाम दोन ठोके गाळले. त्यांनी दोन्ही पकडले. तरीही मी म्हटलं, सोडून द्या आता, मानाने सोडा.

“ती पेटी सोडली तर मी कोण गं, केझी?”

 पाटी धरायला तू चल, बाबा म्हणाले. मी गेले, कारण तिथे त्यांची फजिती झालीच तर घरचं कुणीतरी जवळ असावं.

सोमवारी दुपारी बाग फुलून गेली होती. तळ्यात होड्या, चहाच्या तंबूपुढे रांगा, आल्याच्या पावाचा वास. आम्ही मंचाखाली शिरलो. सोबत दुसरे पंच आयझॅक पिलिंग, तेही जुने विणकर. वर नाचणाऱ्यांची नावं नाही, नुसते नंबर पुकारत. ते एकेक करून गळत गेले आणि चार नंबर व नऊ नंबर उरले. नेमकं तेव्हाच, यंदा नवीन आणलेलं, वाफेवर फिरणारं लाकडी घोड्यांचं चक्र शेजारी सुरू झालं. मंचाची फळी न् फळी थरथरायला लागली.

बाबांचा हात या फळीवरून त्या फळीवर फिरत राहिला. कुठेच काही लागेना. फटींतून येणाऱ्या उजेडात पाटीवरची रेघ तेवढी दिसे, माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि माझा हात धरला.  मग मीच ऐकलं. नऊ नंबरचा एक ठोका गेला. मी पाटीवर रेघ मारली. आयझॅककाकांनी आमच्या पाटीत डोकावून तीच रेघ स्वतःच्या पाटीवर ओढली.

बाहेर बागेच्या मॅनेजरने पाट्या बघून चार नंबर जिंकल्याचं पुकारलं. टाळ्या झाल्या, बक्षिसाचा चांदीचा पट्टा आणला गेला. बाबा गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी मंचावर चढून टोपी काढली.

“निकाल माझा नाही,” ते म्हणाले. “माझे कान गेलेत. हा निकाल माझ्या मुलीने दिलाय.”

एकच गलका झाला. बाईमाणसाने कधी पंचगिरी केली होती? मॅनेजर आशेने आयझॅककाकांकडे वळला. ते लाल झाले. म्हणाले, “मला काय विचारता? माझेही गेलेत, मी तीन वर्षं जेबेझचं बघून लिहितोय.” लोक पोट धरून हसले. हसले नाहीत ते फक्त नऊ नंबरचे घरचे.

नऊ नंबर म्हणजे रूबेन शॉरॉक. तो सरळ माझ्यापाशी आला.

“कुठे चुकलो सांग.”

“पाचव्या चालीच्या शेवटी. डावी टाच पडलीच नाही.”

त्याने डावी टाच फळीवर एकदा आपटून पाहिली. “खरंय,” तो म्हणाला. “वाटलं होतं, त्या चक्राच्या आवाजात खपून जाईल.” आणि त्याने स्वतःच्या हाताने चार नंबरच्या कमरेला पट्टा बांधला.

पुढच्या वर्षी बागवाल्यांनी शेजारच्या गावातला एक पियानो दुरुस्त करणारा पंच म्हणून आणला. मला कुणी विचारलं नाही. याचा मला तेव्हा राग आला आणि अजूनही आहे. बाबांनी मात्र आग्रह करून मला नेलं. आम्ही गर्दीत अगदी पुढे उभे राहिलो. पहिला पोरगा मंचावर आला. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ, चेहरा पिठासारखा पांढरा. बाबा त्याच्या पायांकडे बघतच नव्हते. नाच संपेपर्यंत ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“हे सगळे इतके घाबरलेले असतात?” त्यांनी मला विचारलं.

“असतात की.”

“खाली कधी ऐकू आलं नाही,” बाबा म्हणाले. “कान चांगले होते तेव्हासुद्धा.”