अर्ध्या पानापुरता संत

लालबागात रमाकांत घाडीचा आवाज ज्याने ऐकला नाही तो एक तर बहिरा असणार, नाहीतर कालच राहायला आलेला. त्यात रमाकांतचा तरी काय दोष? सतराव्या वर्षी कणकवलीकडून आला तो थेट मसाल्याच्या डंकावर उभा राहिला, आणि आता एकोणसत्तरावं लागलं तरी तिथेच उभा आहे. लोखंडी मुसळं दिवसभर धडाधड वरखाली होणार आणि गिऱ्हाईक म्हणणार, "जरा बारीक करा हं." त्याला नुसतं 'हो' म्हणायचं तरी पोटातून ओरडावं लागतं. पुढे पुढे त्याला घरातसुद्धा हळू बोलता येईना. बायको नलू म्हणते, "हे माझ्या कानात काही सांगायला लागले की शेजारचे टीव्ही बारीक करतात."

ह्याच आवाजाने अकरा वर्षांपूर्वी घात केला. डंक चाळीच्या तळमजल्यावर आणि बरोबर त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, रघु सावंत राहतो. रघु रमाकांतच्या गावचा. त्यानेच रमाकांतला मुंबईत आणलं, आपल्या खोलीत चटई दिली, डंकावर चिकटवलं. तर त्या एप्रिलात रघुची बायको शांता वर्षाचा मसाला कुटायला घेऊन आली. रमाकांतने डब्यात नाक घातलं आणि मुसळांच्या वरताण ओरडला, "वहिनी, मिरची वाचवलीत आणि धणे ओतलेत की हो!"

चेष्टाच होती. पण 'वहिनी' म्हणेपर्यंत मुसळं चालू होती आणि पुढचं तोंडातून निघतंय तोच वीज गेली. गल्ली एकदम चिडीचूप, आणि त्यात हे वाक्य पार पुलापर्यंत गेलं. आता बघा, मालवणी माणूस शिवी हसून घेईल, पण बायकोच्या मसाल्यात धणे जास्त म्हटलेलं त्याला सात जन्मांत पचत नाही. रघुने खाली येऊन डबा उचलला तो उचललाच. त्या दिवसापासून बोलणं बंद. रमाकांतनेही माफी मागितली नाही. "वास मी घेतला होता," तो म्हणायचा. "माझं नाक खोटं बोलत नाही." मग हळूहळू त्याला रघुचं सगळंच खुपायला लागलं. रघुचं खाकरणं, रघुची चप्पल, रघुचं नळावर 'जरा सरा' म्हणणं.

आणि यंदा चाळ पाडायची ठरली. मेअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. रघु विरारला लेकाकडे, रमाकांत डोंबिवलीला मुलीकडे. "बरं झालं," रमाकांत म्हणाला. "त्याचं थोबाड बघावं लागणार नाही." पण हेच तो दिवसातून तीन-तीनदा म्हणायला लागला, तेव्हा नलूने ओळखलं की हा माणूस आतून कासावीस झालाय.

आता ह्यात संत कुठून आले? रद्दीतून.

रमाकांत गावच्या शाळेत सातवी शिकला. गुरुजींनी सांगितलं होतं, पायात कागद आला तरी वाचून मग पुढे जा. तो गुरुमंत्र त्याने सोडला नाही. नमुन्याचा मसाला पुडीत बांधून देताना तो आधी कागद वाचतो, मग मसाला ओततो. गिऱ्हाईक ताटकळतं, पण करतं काय! मार्चमध्ये रद्दीवाल्याने एक गठ्ठा आणून टाकला. ख्रिस्ती संतांच्या गोष्टींची मराठी पुस्तकं. कव्हरं गेलेली, आतले संत शाबूत.

रमाकांत हरखला. पहिला भेटला तो संत मार्टिन. रोमन शिपाई, कडाक्याच्या थंडीत भिकाऱ्याला बघून त्याने तलवारीने अंगावरचा झगा अर्धा कापून दिला. रमाकांतने त्याच दिवशी नलूची गोधडी अर्धी कापली आणि नाक्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला नेऊन दिली. म्हाताऱ्याने घाम पुसला आणि म्हणाला, "काका, मार्च चालू आहे. अर्धा पंखा असला तर द्या." नलूने त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरा संत लॉरेन्स. त्याला निखाऱ्यांवर भाजलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, एक बाजू झाली, आता परता. मिरच्या भाजणाऱ्या माणसाला हा संत किती जवळचा वाटला असेल, सांगा!

आणि मग आली छोटी तेरेसा. फ्रान्सची. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी वारली. रमाकांत एका पानाच्या दोन पुड्या करतो. खालच्या अर्ध्याची पुडी दहा मिनिटांपूर्वी कुणाच्या तरी पिशवीतून गेलेली. वरचं अर्धं हातात. त्यात लिहिलेलं, मठात एक बाई होती, तिची प्रत्येक गोष्ट तेरेसाला खुपायची. तिचं बोलणं, चालणं, सगळं. म्हणून तेरेसाने ठरवलं, ही बाई दिसली की तिच्याकडे बघून छान हसायचं. असे बरेच दिवस गेले, आणि एकदा ती बाई तेरेसाला म्हणाली,

बस्स. पान फाटलेलं. मागच्या बाजूला नुसतं चित्र, तेही अर्धं, तेरेसाचा हसरा चेहरा.

"काय म्हणाली ती?" रमाकांत ओरडला. मसाला घ्यायला आलेला एक पोरगा दचकला. "कोण, काका?"

दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. मग गिरगावच्या आग्नेसबाई डिमेलो आल्या. दर एप्रिलात त्या त्यांचा बाटली मसाला कुटून नेतात; वीस-बावीस जिनसा, आणि वर्षभर पुरेल असा तपकिरी बाटल्यांत भरून ठेवायचा. त्यांनी पुडीचा कागद बघितला.

"रमाकांत! आमचे संत मिरचीत बांधतोस?"

"आधी वाचतो, बाई, मग बांधतो. ती बाई तेरेसाला काय म्हणाली ते सांगा."

आग्नेसबाई हसल्या. "मला पाठ आहे. पण नाही सांगणार. शेवट वाचून कोणी सुधारत नाही, बाबा. गोधडी कापलीस म्हणे? सगळे संत एकदम घेऊ नकोस, अपचन होईल. एकच घे, आणि रोज थोडा घे. तुला खुपतो असा आहे कोणी?"

रमाकांतने नुसतं वर बघितलं. वरून रघुचं खाकरणं ऐकू आलं.

"मग हस," बाई म्हणाल्या. "तोच सांगेल तुला शेवट."

दुसऱ्या दिवशी जिन्यात रघु समोर आला आणि रमाकांत हसला. अकरा वर्षांत न वापरलेलं हसू ते. गंजलेल्या कुलपासारखं करकरलं. रघुने तोंडावरून हात फिरवला, मिशीला भात लागलाय की काय म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याने शर्टाची बटणं तपासली. आठव्या दिवसापर्यंत चाळभर झालं की रमाकांतने बिल्डरशी गुपचूप जुळवलंय. नाहीतर आपल्या चाळीत फुकट हसतं कोण?

नलू वैतागली. "दात दाखवणं बंद करा. शेजारीण विचारते, तुम्हाला दोन खोल्या मिळणार का."

"मी साधना करतोय."

"मग दार लावून करा!"

पण गंमत अशी झाली, की हसायचं म्हणून रमाकांत रघुकडे नीट बघायला लागला. रघु जिना चढताना मध्येच थांबतो, हे त्याला दिसलं. चप्पलही जुनीच, अंगठा शिवलेला. मुंबईच्या पहिल्या रात्री ह्याच माणसाने आपल्याला चटई देऊन स्वतः फरशीवर अंग टाकलं होतं, हे आठवलं. आणि रघु मात्र एक शब्द बोलेना. बोऱ्या-बिस्तरा बांधायला लागलेला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, डंक चालू असताना रघु खाली उतरून समोर उभा राहिला. ओठ हलले. ऐकू काही येईना. रमाकांतने हात लांब करून बटण बंद केलं. मुसळं थांबली.

"माझ्यात तुका असा काय गावला रे," रघु म्हणाला, "म्हणान माका बघून हसतंस?"

 आणि लगेच रघुने खिशातून तेलकट कागद काढला. "ह्या वाच. सूनबाई विरारसून इली की तुझ्याकडसून मसालो आणता, माका ठाऊक नाय असा वाटता तिका. त्या बाईनं हाच विचारल्यान तेरेसाक. माझ्यात तुला एवढं काय आवडतं? आणि तेरेसा सांगता, तुला बघून मला आनंद होतो." रघुने चष्मा वर केला. "आणि खाली लिवलेला आसा, तीच बाई तिका सगळ्यात जास्त खुपायची. म्हणजे मी ती खुपणारी बाई, होय ना रे?"

 रमाकांतने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हळू निघाला. "वहिनीच्या मसाल्यात धणे बरोबर होते."

"काय? ऐकाक नाय इला."

"धणे बरोबर होते."

"अकरा वर्सांमागे पुलापर्यंत ऐकू गेला ना तुझा? मग आता काय झाला?"

रमाकांतने श्वास भरून घेतला. "शांतावहिनी!" तो ओरडला, आणि मसाल्याच्या सगळ्या दुकानांतली माणसं बाहेर आली. "धणे बरोब्बर होते! माझीच जीभ सैल! चुकलो!"

 मग वर गॅलरीत शांता आली, हातात बांधाबांधीची सुतळी.

"भावोजी," ती म्हणाली, "त्या वर्सा धणे जास्तच पडलेले हो! मिरची म्हाग होती."

रघुने वर बघितलं. रमाकांतने वर बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे. "आणि तू अकरा वर्सा गप ऱ्हवलंस?" रघु ओरडला.

"तुम्ही माका विचारल्यात कधी?"

रमाकांतला हसू फुटलं, आणि हे काही ठरवून आणलेलं नव्हतं. नाकात मिरची गेल्यासारखा तो हसत सुटला, आणि त्याला बघून रघुही.

नलूने भाताचं शीत लावून दोन्ही तुकडे चिकटवले. वर तेरेसाचा चेहरा, खाली तिच्या हातातले गुलाब, मसाल्याने जरा तांबडे जास्त झालेले. मग वाद लागला, पान कोणी न्यायचं. विरारला की डोंबिवलीला?

"एक महिनो तुझ्याकडे, एक महिनो माझ्याकडे," रघु म्हणाला.

"आणि पोचवायचं कोणी?"

"ज्याका शेवट कळाक नाय तेणा."

"मला कळला की!"

"मगे माका बघूक तू येच," रघु म्हणाला. "येताना मसालो आण. धणे कमी घाल."