लिहिलंय तेवढंच

मोठ्या बाई तीन दिवस कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि शाळेतल्या सगळ्यांच्या मागे काम लागलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शिबिराहून लोक पिशवी आणि पेन आणतात, यांनी एक कल्पना आणली. आठवी-नववीच्या मुलांना गणित येत नाही, कारण गणिताचं पुस्तक नीट वाचता येत नाही. विज्ञानात नापास होतात, कारण प्रश्नच कळत नाही. तेव्हा भाषा आता सगळ्यांनी शिकवायची. गणितातही, चित्रकलेतही, अगदी पीटीच्या तासालासुद्धा.

मी चहाचा ट्रे घेऊन शिक्षकखोलीच्या दारात उभी होते.

"मग मराठीच्या बाई काय करणार?" गणिताचे सर म्हणाले. ते जन्माचे बडोद्याचे. चिडले की गुजरातीत जात. "हुं गणित शिखवाडुं के निबंध तपासुं?"

"दोन्ही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी नियम सांगितला. दर आठवड्याला प्रत्येक विषयात मुलांनी एक कृती लिहायची. आकृती कशी काढायची, प्रयोग कसा करायचा, खेळ कसा खेळायचा. शनिवारी ती कुणीतरी वाचायची आणि लिहिलंय तेवढंच करायचं. जमलं तर मार्क. मात्र वाचणाऱ्याला त्या विषयातलं काही येत असता कामा नये.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही सातवी पास ना?" मोठ्या बाईंनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि चहा न देताच ट्रे घेऊन वळले.

वळायला कारण होतं. मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली. पाचवीत असताना सहामाहीनंतर आईच्या बाळंतपणासाठी घरी राहिले, ती राहिलेच. लग्न होऊन एवढ्या लांब बडोद्यात, पाणीगेट वेशीच्या आत आले. यांची गिरणी बंद पडली तेव्हा धाकट्या दिरांनी खटपट करून मला या मराठी शाळेत चिकटवलं. गुजरातीत पटावाळा म्हणतात ती शिपायाची जागा, तीही हंगामी. उद्यापासून येऊ नका, असं कधीही सांगता येईल अशी. अर्ज दिरांनीच भरला. शिक्षण : सातवी पास. मी खाली सही केली. तेव्हापासून चार वर्षं ऑफिसात फाइलींचं कपाट उघडल्याचा आवाज आला, की मी झाडू उचलून मागच्या अंगणात निघून जायची. घरात येणारा एकुलता पगार त्या दोन शब्दांवर उभा होता.

मला वाचता येत नव्हतं असं नाही. साधे शब्द झरझर जायचे. पण चार जोडाक्षरं एकत्र आली, की मी त्यांच्याकडे बघायची आणि ती माझ्याकडे.

पहिला शनिवार. भूमितीचा कागद आला. 'एक रेघ मारा. तिच्यावर दुसरी रेघ मारा. काटकोन होईल.' मी फळ्यावर रेघ मारली, तिच्यावर बरोबर दुसरी मारली. रेघ जाड झाली. काटकोन काही झाला नाही. वर्ग खदखदला. लिहिणारा उठून म्हणाला, "तसं नाही मावशी, उभी मारायची!"

"उभी कुठे लिहिलंय?"

गणिताचे सर खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसत होते.

मग मला चव लागली, खोटं कशाला बोलू. पीटीच्या कागदावर होतं, 'शिट्टी वाजली की सरळ पळत सुटा.' शिट्टी वाजली. मी पदर खोचला आणि मैदानातून सुटले ती फाटकाबाहेर. कोपऱ्यावरच्या भाजीच्या हातगाडीवरून, इथे तिला लारी म्हणतात, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पंधरा मिनिटांनी सावकाश परत आले.

"मावशी, कुठे होतात?" पीटीचे सर ओरडले.

"थांबा असं लिहिलंच नव्हतं, सर."

विज्ञानात 'पाण्यात थर्मामीटर सोडा' असं होतं. मी वरून सोडला. विज्ञानाच्या बाईंनी झडप घालून तो हवेतच झेलला, म्हणून वाचला.

पण या खोड्यांच्या आड माझी दुसरी लबाडी चाललेली असायची. शब्द अडला, की मी कागद लांब धरायची, भुवया चढवायची आणि म्हणायची, "काय लिहिलंय हे? माणसाला कळेल असं लिही." पोरगं ओशाळून कागद परत न्यायचं आणि सोप्या शब्दांत लिहून आणायचं. दिवाळीपर्यंत मुलं लहान वाक्यं लिहायला लागली. किती, कुठून, कशाने, केव्हा थांबायचं, सगळं येऊ लागलं. गणिताचे सर वर्गात उत्तर तपासण्याआधी म्हणू लागले, "पहेलां विचार कर, मावशीला कळेल काय?" माझं अज्ञान अशा प्रकारे पाच विषयांत कामाला लागलं होतं.

नववीतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीला मात्र मी फसवू शकले नाही. तिच्या कागदात 'बाष्पीभवन' होतं. मी नेहमीप्रमाणे कागद लांब धरला. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही खरं कितवी शिकलात?"

"तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. जा, परत लिही."

ती हसली आणि गेली. कुणाला काही बोलली नाही. त्यानंतर तिच्या कागदांत अवघड शब्द यायचेच बंद झाले.

फेब्रुवारीत तपासणी आली. निरीक्षकसाहेबांना हा प्रयोग बघायचा होता. नेमका त्या मुलीचा कागद निघाला. 'पसरट बशीत दोन चमचे पाणी घ्या. बशी उन्हात ठेवा. तासाभराने बघा. पाण्याची वाफ होऊन ते उडालेलं असेल.' मी वाचलं, केलं, तासाभराने बशी कोरडी, सगळं बिनचूक झालं. मोठ्या बाईंचा चेहरा फुलला.

साहेबांनी कागद हातात घेतला. "यात शास्त्रीय संज्ञा कुठे आहे? उडालेलं म्हणजे काय, चिमणी आहे का ती? नववीच्या मुलीला एवढा शब्द येत नाही?" त्यांनी पाच मार्क कापले आणि तिला विचारलं, "सांग, काय म्हणतात त्याला?"

ती उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून म्हणाली, "आठवत नाही, सर."

तिला येत होतं. माझ्यापायी ती माठ ठरत होती, तेही तिच्या बाई, सर आणि सगळ्या वर्गादेखत. आता गप्प बसले तर माझा पगार वाचत होता. मी हातातली बशी टेबलावर ठेवली.

"साहेब, तिला येतो तो शब्द. मला तो वाचता येत नाही, म्हणून ती लिहीत नाही. मी पाचवीत शाळा सोडली. अर्ध्यात."

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग साहेब त्या मुलीला म्हणाले, "आता आठवतोय?" तिने शब्द सांगितला, फळ्यावर लिहूनही दाखवला. पाच मार्क परत मिळाले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. मी घंटेची हातोडी आणि किल्ल्यांचा जुडगा बरोबरच घेऊन गेले, म्हणजे पुन्हा मागायला नको. टेबलावर माझी फाइल उघडी होती.

"मावशी, या जागेला काय शिक्षण लागतं, ठाऊक आहे?"

"सातवी."

"कोणी सांगितलं? लिहिता-वाचता येतं एवढंच लागतं. संस्थेचा कागद आहे, हा बघा." त्यांनी तो माझ्यासमोर सरकवला. मी वाचला. एकच जोडाक्षर होतं. "खोटं लिहिलंत हे मला अजिबात आवडलं नाही. ते खोडा, खरं लिहा, सही करा. आणि किल्ल्या कशाला आणल्यात? वर्ग कोण उघडणार?"

मी खोडलं आणि लिहिलं : पाचवी, अर्धी. कारकून म्हणाले, "अर्धी असं काही नसतं, मावशी."

"माझी होती," मी म्हणाले.

मोठ्या बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उभं केलं आणि चहा सांगितला. तो करायलाही मलाच जावं लागलं. पण त्या दिवसाइतका चांगला चहा माझ्या हातून नंतर कधी झाला नाही.

घरी दीर जेवायला आले होते.

"भावजी, त्या जागेला सातवी लागतच नव्हती."

"हो?" घास थांबवून ते म्हणाले.

"मग लिहिलंत कशाला?"

त्यांनी जरा विचार केला. "मला वाटलं, बरं दिसेल."

चार वर्षं! मी त्यांच्या ताटाकडे नेलेली दुसरी भाकरी तशीच टोपल्यात परत ठेवली.