आबा मेस्त्रींच्या गॅरेजातला धूर

गॅरेजात किस्से आपोआप जमतात. गाडी होईपर्यंत गिऱ्हाईकाला बोलण्याशिवाय काम नसतं आणि आमचे हात अडकलेले असले तरी कान मोकळे असतात. जामसंड्यात आबा मेस्त्रींकडे मी बारा वर्षं काम करतोय. बरेचसे किस्से त्यांचेच.

मी तिशीत मच्छीमारीच्या होडीवरचं काम सोडून इथे आलो. पहिल्याच दिवशी एका स्कूटरची टाकी रिकामी करायची होती. होडीवर डिझेल काढायचो तशी नळी तोंडात धरली. आबांनी ती हिसकावून घेतली.

"अवो, होडयेर असाच काढतत," मी म्हणालो.

"पोटात गेला तर एक वेळ निभावतला. फुफ्फुसात गेला तर तुझ्या बायलेक मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी हातपंप आला. तो आजही खिळ्याला टांगलेला आहे.

*

ग्रीस काढायला मी हात पेट्रोलने धुवायचो. आबांनी साबण आणि लाकडाचा भुसा पुढे ठेवला. "पेट्रोल गाडयेक. तुका साबण."

मला ते फाजील लाड वाटले. पण माझी लेक तोवर माझ्या हातचा घास खात नसे, तोंड फिरवायची. आठवड्याभराने तिने माझ्या हातून भात खाल्ला. मी आबांना सांगितलं. ते नुसतं "बरा झाला" म्हणाले आणि स्पॅनर मागितला.

*

गावातला एक वजनदार माणूस गाडी घेऊन आला. आम्ही पेट्रोलचा पाइप सोडवलेला, वास सगळीकडे पसरलेला आणि साहेबांच्या तोंडात विडी. त्यांना बोलणार कोण?

आबांनी हत्यारं खाली ठेवली, मला खूण केली आणि आम्ही दोघे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो.

"मेस्त्री, खंय चललात?"

"आमी हयच रवतो. विडी झाली की हाक मारा."

साहेबांनी विडीकडे पाहिलं, मग पाइपाकडे. शर्यत असती तर आमच्या आधी तेच रस्त्यावर पोचले असते, इतक्या वेगाने बाहेर आले!

*

शाळेची व्हॅन चालवणारा दिगंबर ब्रेक तपासायला आला. बोलता बोलता म्हणाला, "पोरांका वळणां लागतत. रोज कोणतरी ओकता. डोकी दुखतत."

आबांनी ब्रेकचं काम बाजूला ठेवलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "खिडक्यो लाव. चल, पोरांच्या वाटेन."

अर्ध्या तासाने परतले ते कपाळ दाबत. व्हॅनखाली शिरले. सायलेन्सरचा पाइप फुटलेला आणि मागच्या सीटखालचा पत्रा गंजून भोक पडलेलं. धूर थेट पोरांच्या पायाशी.

"पण वास तर कधी येऊक नाय," दिगंबर म्हणाला.

"त्यातलो जो वायू मारता, त्याका वासच नसता."

आबांनी व्हॅनची चावी खिशात टाकली. दिगंबर रागावला, त्याने विनवण्या केल्या, पालकांचे फोन आले. चावी मिळाली नाही. दोन दिवस आबाच आपल्या जुन्या जीपमधून पोरांना शाळेत सोडत होते, तीन फेऱ्या मारून.

*

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी आबा आणि मी एका बाइकची ट्रायल घेत समुद्राकडे निघालो होतो. रस्त्याकडेला पर्यटकांची गाडी उभी होती. काचा बंद, एसी चालू, इंजिनाचा आवाज फुटका. आत एक बाई आणि पाचेक वर्षांची मुलगी झोपलेली.

"थांब," आबा म्हणाले.

आम्ही काच वाजवली, हाका मारल्या. कोणी हललं नाही. दारं आतून लॉक. आबांनी कडेचा चिऱ्याचा तुकडा उचलला आणि मागची काच फोडली. मी हात घालून दार उघडलं. दोघींना ओढून माडाखाली वाऱ्यावर आणलं. मुलगी खोकली. आई डोळे उघडेना.

एवढ्यात मुलीचा बाप किनाऱ्यावरून धावत आला. "काच का फोडलीत?" म्हणून ओरडला आणि माडाखाली दोघींना बघून त्यांच्याकडे धावला. आम्ही त्यांच्याच गाडीतून, सगळ्या काचा खाली करून, दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावल्यावर बऱ्याच वेळाने आई बोलली.

चौथ्या दिवशी तिघं गॅरेजात आली. बापाला आबांचे पाय धरायचे होते, आबा मागे मागे सरकत होते. मुलगी मधे येऊन उभी राहिली. तिला घरी कोणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"आजोबा, आमची काच तुम्ही फोडलीत?"

बाप काही बोलणार, तोच आबांनी त्याला हाताने थांबवलं आणि तिच्यापुढे उकिडवे बसले.

"होय गो बाय. चुकी झाली. परत नाय फोडूचंय."