ठाणे ते टिटवाळा, व्हाया प्रसादचा घसा

गाणं बसवायला महिने लागतात. किस्सा मात्र आपोआप येऊन बसतो, आणि एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही! आमच्या बँडचं तसंच झालंय. गाणी जेमतेम एका अल्बमपुरती, किस्से मात्र माळ्यावरच्या सामानासारखे साठलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. त्यातले बरेचसे हसवणारे आहेत, असं मला आधी वाटायचं. हल्ली सांगता सांगता मध्येच थांबायला होतं.

बँडचं नाव ‘खारफुटी’. मराठी रॉक. आम्ही चौघं. प्रसाद गाणारा, गाणी लिहिणाराही तोच. शीतल गिटारवर, एरवी ती कल्याणला फिजिक्सचे क्लास घेते. बंड्या ड्रमवर, डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातला आगरी गडी. आणि मी मंगेश, बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. “तुमचं ते ऐकू येत नाही ते वाद्य,” असं म्हणतात.

अल्बम स्टुडिओत करायचा, असं आमचं ठरलेलं. एक दिवस प्रसाद काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभा राहिला, दोन ओळी गायला आणि बाहेर आला.

“नाही जमत. फिशटँकमधल्या माशासारखं वाटतंय. मला समोर माणसं पाहिजेत.”

म्हणून मग लाइव्ह अल्बम! टूर करायची, प्रत्येक ठिकाणी रेकॉर्ड करायचं आणि चांगलं चांगलं निवडायचं. मी ऑफिसात ऐटीत सुट्टीचा अर्ज टाकला. साहेबांनी कारण वाचलं.

“टूर? अरे वा! कुठे, युरोप?”

“नाही सर. शहाड.”

* * *

शहाड, म्हणजे कल्याणच्या पुढचं लोकलचं स्टेशन, नंतर आलं. सुरुवात ठाण्यात, वागळे इस्टेटला झाली. प्रसाद तिथल्याच एका पॅकिंग मशीनच्या कंपनीत डिझाइनला होता. त्याच्या मालकांनी शेजारची रिकामी शेड आम्हाला वापरायला दिली. शनिवारी दुपारी कार्यक्रम, प्रेक्षक म्हणजे कंपनीतली माणसं, कोणी खोक्यावर, कोणी उलट्या बादलीवर बसलेलं. शीतलने लॅपटॉप लावला, माईक टांगले. आणि भिंतीपलीकडे पत्रा कापणारा पॉवर प्रेस सुरू झाला.

धाड... धाड... धाड...

शीतलने कपाळाला हात लावला. “हे रेकॉर्डिंगमधून निघणार नाही.”

बंड्या थोडा वेळ डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, “निघत नाय तर र्‍हाऊ दे. आपण त्याच्याच ठेक्यावर वाजवू.”

आणि खरंच वाजवलं! एरवी पळत सुटणारं गाणं त्या प्रेसमागे हळूहळू, पाय ओढत चाललं. प्रसादने आवाज खाली घेतला. रोज तोच धाड-धाड ऐकणारी माणसं एकदम गप्प झाली. मला बेस वाजवताना काटा आला, देवाशपथ. शेवटचं कडवं सुरू झालं, प्रसादने डोळे मिटून सूर उचलला...

आणि प्रेस थांबला. जेवणाची सुट्टी!

बंड्याही थांबला. सवयीने! प्रसाद एकटाच हवेत लटकलेला. अल्बममध्ये ते गाणं तिथेच संपतं. लोक विचारतात, “काय एंडिंग आहे राव, कसं सुचलं?” आम्ही सांगतो, भूक लागलेली.

* * *

डोंबिवलीचा किस्सा तर छापून यायला हवा. एका हॉलवाल्यांनी आम्हाला फोनवर बुक केलं. गेलो तर पहिल्या तीन रांगा ज्येष्ठ नागरिकांनी भरलेल्या, काहींच्या हातात पेन. आम्ही खूश. म्हटलं, बघा, आपला श्रोता प्रौढ आहे!

निवेदिका माईकवर आली. “आपल्या खाडीकिनाऱ्याचं रक्षण करणाऱ्या खारफुटीबद्दल माहिती द्यायला आज तज्ज्ञ मंडळी आलेली आहेत.”

प्रसाद माझ्याकडे बघायला लागला, मी बंड्याकडे. बंड्याने काठ्या उचलल्या आणि सुरुवातच केली. दुसरं काय करणार!

आश्चर्य म्हणजे कोणी उठलं नाही. सगळे शेवटपर्यंत बसले. शेवटी एक आजोबा उभे राहिले, पांढराशुभ्र शर्ट, स्वच्छ शब्द. “कार्यक्रम उत्तम झाला. परिश्रम जाणवतात. फक्त रोपं कुठल्या महिन्यात लावावीत, तेवढं राहून गेलं.”

त्याच दिवशी निघताना एका मावशींनी प्रसादला गाठलं. पर्समधून खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली. “बाळा, घसा बसलाय रे तुझा.”

प्रसाद हसला. “बसलेला नाही मावशी, बसवलाय!”

आम्ही काय हसलो! टेम्पोत सामान चढवेपर्यंत हसत होतो. मावशी मात्र हसल्या नाहीत. “दाखवून घे,” एवढंच म्हणाल्या.

* * *

आता गंमत बघा. घसा जसजसा बिघडत गेला, तसतसा आमचा बँड चालायला लागला. शहाडला तर पोरं स्टेजला चिकटून उभी होती. प्रसादचा आवाज वरच्या सुरात फाटायचा, आणि तो फाटला की पोरं वेडी व्हायची. एकाने मला बाजूला घेतलं. “दादा, भाई के आवाज में क्या दर्द है! कुठून आणतो?”

मी रुबाबात म्हटलं, “आतून येतं ते.”

खरंच आतून येत होतं. पण काय येत होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शीतलने एकदा हेडफोन काढून मला विचारलेलं, “मंग्या, हा श्वास घेताना शिट्टीसारखं काय वाजतंय?” मग आम्ही दोघांनी मिळून माईकची वायर बदलली.

* * *

कल्याणला घशाच्या डॉक्टरांकडे त्याला मी घेऊन गेलेलो. मी बाहेर बसलो. बऱ्याच वेळाने तो आला, नाक पुसत.

“काय म्हणाले?”

“नाकातून कॅमेरा घातला. गाठ आहे म्हणतात. तुकडा काढून तपासायचाय.”

“आणि कार्यक्रम?”

“विचारलं ना. म्हटलं, कल्याण आणि टिटवाळा राहिलेत, काय करू? म्हणाले, राहू द्या.”

“मग?”

“मग काय. राहू दिले!”

हे त्याने घरी वैशालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, जसंच्या तसं सांगितलं. तिने पदर खोचला, फोन उचलला. “डॉक्टर, तुमचं ते ‘राहू द्या’ नक्की कुठलं राहू द्या, तेवढं विचारायचं होतं.”

पलीकडून आवाज मोठा आला म्हणे. कल्याणचा कार्यक्रम त्या दिवशीच रद्द झाला.

पुढे रिपोर्ट आला. कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. जगेल, पण गाणार नाही. गाणं सोडा, बोलणारही नाही, निदान या आवाजात तर नाहीच. ऑपरेशनची तारीख ठरली, आणि टिटवाळा त्याच्या आधी येत होता. प्रसादने डॉक्टरांना विचारलं, एक कार्यक्रम केला तर काय होईल? डॉक्टर म्हणाले, “जे व्हायचं ते झालंय. दम लागला तर मात्र तिथल्या तिथे थांबायचं.”

घरी वैशालीने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, “टिटवाळ्याला मी पण येणार. पहिल्या रांगेत बसणार. मी हात वर केला की माईक खाली.”

* * *

बंड्याच्या आईला ही बातमी कळली तेव्हा ती खाडीवरून निवट्या घेऊन आली. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे. त्यांचा लालभडक रस्सा करून तिने डबा भरला आणि बंड्याला घेऊन थेट प्रसादच्या घरी पोचली. प्रसादचं घर शाकाहारी. त्याच्या आईने, म्हणजे माईंनी, आयुष्यात अंडं घरात आणू दिलेलं नाही.

बंड्याच्या आईने डबा उघडला. “खा रं बाला. नरडा मोकला होल.”

आम्ही सगळे माईंकडे बघतोय. माई उठल्या. आतून ताट आणलं. त्यांच्या पूजेच्या दिवशीचं स्टीलचं मोठं ताट. डब्यातला रस्सा स्वतःच्या हाताने त्यात वाढला आणि प्रसादसमोर ठेवला.

प्रसाद खायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“तिखट आहे,” तो म्हणाला.

“हां,” बंड्याची आई म्हणाली, “मिरची जरा जास्त परली.” आणि ती पण पदराने डोळे पुसायला लागली. तिने तर खाल्लंही नव्हतं!

* * *

टिटवाळ्याचा कार्यक्रम एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये होता. मोठमोठे टॉवर, त्यातले निम्मे फ्लॅट बंद. संध्याकाळची वेळ, क्लबहाउससमोरच्या लॉनवर खुर्च्या मांडलेल्या. माणसं थोडीच, बाकीची गॅलरीतून बघत होती. वैशाली पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून. माई तिच्या शेजारी.

प्रसाद गायला. कसा गायला, ते मला सांगता येणार नाही. वरचे सूर त्याने सोडूनच दिले होते. तिथे शीतल गिटारवर वाजवायची आणि तो नुसता तिच्याकडे बघत उभा राहायचा. मध्येच एक ओळ बोलायचा, मग पुढची गायचा. पाचव्या की सहाव्या गाण्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी स्टेजपाशी आले. सभ्य गृहस्थ, हात जोडूनच आलेले.

“माफ करा हं, कार्यक्रम छान चाललाय. पण दहावीची मुलं आहेत बिल्डिंगमध्ये. तेवढा आवाज कमी झाला तर...”

प्रसाद खाली वाकला. माईक चालूच होता, रेकॉर्डिंगही.

“होतोय काका,” तो म्हणाला. “हळूहळू होतोय.”

सेक्रेटरी “थँक यू, थँक यू” करत गेले. बंड्याने काठ्या खाली ठेवल्या. शीतल गिटारची तार लावायची आहे असं सांगून स्पीकरच्या मागे गेली. बराच वेळ तार लागत नव्हती.

वैशालीने शेवटपर्यंत हात वर केला नाही.

* * *

ऑपरेशन झालं. गळ्याला छिद्र, त्यावर पातळ रुमाल. श्वास तिथूनच. काही महिन्यांनी त्याला एक छोटं यंत्र मिळालं. ते गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. मग त्यातून शब्द येतात, सपाट, घरघरणारे, सगळे एकाच सुरात.

आम्ही भेटायला गेलो. सफरचंदं कापून झाली, खाऊन झाली. प्रसादने यंत्र गळ्याला लावलं आणि पहिल्यांदा आमच्याशी बोलला.

“क-सं वा-ट-तं-य?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बंड्याने मात्र मान तिरकी करून नीट ऐकलं, साउंड चेकला ऐकतो तसं.

“बरं हाय,” तो म्हणाला. “इतकी वर्षं शीतलच्या गिटारला ते घरघरणारं डिस्टॉर्शन होतं. आता तुला पण लागलं. आता झालास तू खरा रॉक!”

शीतलने त्याला जोरात चापट मारली. पण प्रसाद हसत होता. हसण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. आम्ही सगळे त्या खांद्यांकडे बघून हसायला लागलो, आणि मग बंड्या एकटाच उठून जिन्यात जाऊन बसला.

* * *

अल्बम निघाला. गाण्यांच्या मधली बडबड कापून टाकायची, असं माझं मत होतं. वैशाली म्हणाली, “गाणी कापा हवी तर. बडबड ठेवा.” म्हणून सगळं ठेवलंय. खोकणं, शिव्या, “ए, तो लाइट बंद करा रे,” सगळं.

मागच्या रविवारी दुपारी सहज त्याच्याकडे गेलेलो. प्रसाद खुर्चीत पेपर वाचत होता. वैशाली आत पोळ्या करत होती. माई पलंगावर बसून पुरवणीतलं शब्दकोडं सोडवत होत्या. माईंचं डोकं एकदम खणखणीत आहे बरं का, मलाच दोन उभे शब्द विचारले आणि मला एकही आला नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरवर आमचा अल्बम हळू आवाजात चालू होता. त्या घरात तो कायम चालूच असतो.

टिटवाळ्याचं एक गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. मग प्रसादचा आवाज आला. त्याचा जुना आवाज, धापा टाकणारा.

“जरा पाणी द्या रे कोणीतरी.”

माईंनी पेन खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, फुलपात्र घेतलं. बाहेर येऊन ते भरलं आणि खुर्चीतल्या प्रसादपुढे धरलं.

प्रसादने पेपर बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि सगळं पाणी प्यायला.

“अजून हवंय?” माईंनी विचारलं.

त्याने मान हलवली. नको.

माईंनी फुलपात्र तांब्यावर उपडं घातलं, पलंगावर येऊन बसल्या, चष्मा वर सरकवला आणि मला म्हणाल्या, “हं मंगेश, चार अक्षरी. शेवटचं अक्षर ‘र’.”