मी पाठवलेली मुलं

सेनगावच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी बोलावून एक सरकारी परिपत्रक माझ्या हातात दिलं. पूर, आग, अपघात अशा वेळी धावून जातील असे तरुण स्वयंसेवक तालुक्या-तालुक्यात तयार करायचे होते. आमच्या वाट्याला तीस मुलं आली होती.

प्रमाणपत्र मिळेल, भरतीत उपयोग होईल, असं मी वर्गावर्गात सांगत फिरले. मुलगे लगेच आले. मुली घरच्या संमतीपत्रापाशी अडल्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मात्र वडिलांनाच घेऊन आली. साखऱ्याच्या पलीकडे त्यांची कोरडवाहू शेती. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"मॅडम, पुरात जायचं लिव्हलंय ह्याच्यात."

"लिहिलंय, पण आजवर कुणाला बोलावलेलं नाही. कागदापुरतं आहे ते."

"तुमी म्हनता तर बराबरच असंल," म्हणत त्यांनी सही केली. त्या सहीनं माझे तीस पूर्ण झाले आणि मला बरं वाटलं.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. दोराच्या गाठी, जखमी माणसाला उचलायची रीत, रिकाम्या डब्यांचा तराफा. नारिंगी जॅकेटं घालून मुलांनी फोटो काढले. मग सगळे विसरले, मीही विसरले.

पुढच्या भादव्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तहसीलमधून फोन आला. "साखऱ्याच्या रस्त्यावर लहान पुलावरून पाणी चाललंय. लोक तरी बी गाड्या घालून राहिलेत. आमची माणसं दुसरीकडं अडकलीत. तुमची जवळची पोरं पाठवा."

मी ग्रुपवर लिहिलं, 'तातडीनं पुलावर पोहोचा.' पहिलं उत्तर साखऱ्याकडच्या त्या मुलीचंच आलं, 'निघाले मॅडम.' ते वाचलं आणि ध्यानात आलं की पाण्यात उतरू नका, हे मी लिहिलंच नव्हतं. लिहिलं. तो निरोप काही केल्या पोहोचेना. फोन लावला, लागेना.

छत्री घेऊन मी बसस्टँडवर गेले. त्या बाजूच्या सगळ्या गाड्या बंद होत्या. तिथंच तिचे वडील भेटले. ते पहाटेच फवारणीचं औषध न्यायला आले होते आणि अडकून पडले होते.

"पोरगी दोर घेऊन पुलाकडं गेली म्हून घरून फोन आल्ता. तुमी पाठवली व्हय?"

"हो."

 ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. खाली बघत ते एवढंच म्हणाले, "तिला पवता येत न्हाई."

 फॉर्मवर तसा रकाना होता आणि त्यात तिनं 'येतं' असं लिहिलेलं मला आठवत होतं.

एक जीपवाला पाण्यापर्यंत सोडायला तयार झाला.  पुलाशी उतरलो तेव्हा पलीकडच्या काठावर तीन नारिंगी जॅकेटं दिसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळींना दोर बांधून त्यांनी वाट अडवली होती. मागं मोटारसायकलींची रांग. मधल्या गढूळ पाण्याच्या आवाजात हाका पोहोचत नव्हत्या.

पलीकडं एक जीप पुढं आली. टपावरही माणसं बसली होती. ड्रायव्हर उतरला आणि दोर सोडू लागला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागं पाणी दहा पावलांवर होतं. वडिलांनी माझं मनगट धरलं, कुणाचं धरलंय हे त्यांना कळलंही नसावं. ड्रायव्हर हातवारे करत होता, ती नुसती मान हलवत होती. शेवटी टपावरची माणसंच खाली उतरली आणि त्याला जीप मागं घ्यावी लागली.

पाणी उतरायला दुपारचे चार वाजले. आम्ही चिखलातून पलीकडं गेलो. वडिलांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"जेवलीस का?"

"न्हाई."

ते गावातून काहीतरी आणायला गेले. मी तिला विचारलं, "पोहता येतं असं का लिहिलंस?"

"न्हाईतर तुमी घेतलं नसतं, मॅडम." ती हे सहज म्हणाली. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते. मी तिला रागवायचं ठरवलं होतं, पण ओढणी सोडून तिच्या डोक्यावर टाकली, तेवढंच जमलं.

त्यानंतर आठवडाभर मला वर्गात धड शिकवता आलं नाही. ती दुसऱ्या बाकावर बसून टिपणं काढायची आणि वाचता वाचता माझी ओळ सुटायची. त्या ड्रायव्हरनं ऐकलंच नसतं तर, एवढंच डोक्यात फिरायचं.

दिवाळीनंतर तिचे वडील बाजारात दिसले. मी नजर चुकवणार होते, पण तेच जवळ आले. म्हणाले, "हिरीत उतरवून राहिलो तिला. पाठीला डबा बांधून. हातपाय मारते आता." मग हातातली पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "मॅडम, पुढच्या टायमाला बोलावलं, तर मला बी फोन करा. मी येतो संगं."

मी त्यांचा नंबर लिहून घेतला.